जाहिरातीची माफी : तिचा अर्थ आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात एका निवृत्त शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाल्यावर एखाद्या वयस्क माणसाने चार शब्द सांगावेत, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा ते काम कार्यकारी मंडळाने माझ्याकडे सोपविले, याबद्दल मी ऋणी आहे. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुरते. सारी हयात प्राथमिक शाळेत मुलांना अक्षरे गिरविण्यास शिकविण्यात गेली. कायद्याची पदवी माझ्यापाशी नाही. तथापि गेली काही वर्षे आपल्यापैकी अनेक पालक मुलामुलींच्या परदेशी नोकरीचे कागद घेऊन माझ्या ओसरीवर येत असतात आणि "गुरुजी, एवढे वाचून सांगा" म्हणतात. वाचता वाचता मला जे समजले, आणि ज्याविषयी आपल्या घराघरांत गैरसमज आहे असे दिसले, त्यातील एकच गोष्ट आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

हल्ली एक वाक्य वारंवार कानी पडते : "या व्हिसाला जाहिरात लागत नाही." कोणी ते अभिमानाने सांगतो, कोणी आशेने सांगतो, आणि एजंट तेच वाक्य पैसे घेऊन विकतो. ऐकणाऱ्याचा समज असा होतो की, साहेबाच्या मर्जीने आपल्या मुलासाठी मागचे दार उघडले गेले. हा समज सर्वस्वी चुकीचा आहे, आणि त्याची किंमत काही कुटुंबांना जमीन गहाण टाकून मोजावी लागते. म्हणून ही जाहिरात म्हणजे काय, ती कोणासाठी असते, तिची माफी कोणास व का मिळते, आणि माफी मिळाल्यावरही काय काय शिल्लक राहते, याचा क्रमाने विचार करू. उदाहरण मुख्यतः अमेरिकेचे घेतो; कारण आपल्या मंडळातील परदेशी गेलेली मुले बहुतांशी तेथेच आहेत.

मुळापासून पाहावयाचे तर १८८५ साली अमेरिकेने एक कायदा केला. परदेशातील मजुरांशी आधी करार करून, त्यांचे भाडे भरून त्यांना आणण्यास त्या कायद्याने बंदी केली. कारण उघड होते. कारखानदार स्वस्त मजूर आणीत आणि तेथील कामकऱ्याची मजुरी पडे. परंतु त्याच कायद्यात अपवादही होते. नट, कलावंत, गायक, व्याख्याते यांस बंदी लागू नव्हती. आणि एखादा नवा धंदा उभारावयाचा असून त्याचे कुशल कारागीर अन्यत्र मिळत नसतील, तर त्यांसही सूट होती. म्हणजे नियम आणि माफी ही दोन्ही एकाच वेळी जन्मास आली. नियमाचा हेतू स्थानिक माणसाच्या पोटाचे रक्षण हा होता. माफीचा हेतू, जेथे स्थानिक माणूस मिळतच नाही तेथे काम अडू नये, हा होता. आजचा सारा पसारा या दोन हेतूंवरच उभा आहे.

पुढे १९५२ च्या कायद्यात अशी तरतूद होती की, तेथील मजूरमंत्र्याने हरकत घेतली तरच परदेशी कामकऱ्याचा प्रवेश अडे. १९६५ साली ही बाजू उलटविण्यात आली. मजूर खात्याने प्रमाणपत्र दिल्यावाचून नोकरीच्या आधारे कायम वास्तव्यास येता येणार नाही, असे ठरले. ते प्रमाणपत्र दोन गोष्टींचे असते. पहिली : त्या ठिकाणी त्या वेळी त्या कामास योग्य, तयार व उपलब्ध असा अमेरिकन कामकरी नाही. दुसरी : परक्यास घेतल्याने तेथील लोकांच्या वेतनावर व कामाच्या परिस्थितीवर वाईट परिणाम होणार नाही. 'कोणी मिळत नाही' हे मालकाने नुसते तोंडाने सांगून भागत नाही. त्याने जाहीरपणे विचारले पाहिजे. जाहिरात लागते ती यासाठी.

२८ मार्च २००५ पासून तेथे जी पद्धत चालू आहे तीत मालकास सरकारी रोजगार कार्यालयात ३० दिवस जागा नोंदवून ठेवावी लागते. सर्वसाधारणपणे दोन निरनिराळ्या रविवारी वृत्तपत्रांत जाहिरात द्यावी लागते. काम पदवीधराचे असल्यास, नेमून दिलेल्या दहा मार्गांपैकी आणखी तीन मार्गांनी ती जागा प्रसिद्ध करावी लागते. शिवाय कामाच्या ठिकाणी कामाचे दहा दिवस सूचना लावावी लागते. कोणी अर्ज केला तर तो वाचावा लागतो, आणि नाकारला तर का नाकारला याचे कामाशी संबंधित कारण द्यावे लागते. हे सर्व केल्यानंतर आपल्या मुलाचा अर्ज पुढे सरकतो.

हे आपणांस परके वाटण्याचे कारण नाही. आपल्याच देशात १९५९ साली असा कायदा झाला की, सरकारी कचेऱ्यांनी, तसेच पंचवीस वा अधिक माणसे कामास असलेल्या खाजगी संस्थांनी, आपल्या रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयास कळवाव्यात. त्यातही माफी होतीच. शेतीचे काम, घरकाम, तीन महिन्यांहून कमी मुदतीचे काम, कचेरीतील अकुशल काम, यांस तो नियम लागू नव्हता. आपल्यातील वडील मंडळींपैकी किती जणांनी त्या कार्यालयाच्या रांगेत उभे राहून कार्डाचे नूतनीकरण केले असेल! ती रांग कंटाळवाणी होती. परंतु ज्याचा मामा साहेब नव्हता, त्या मुलालाही जागा रिकामी असल्याचे कळावे, एवढाच तिचा अर्थ होता.

आता माफीकडे वळू. ती मुख्यतः तीन कारणांनी मिळते.

पहिले कारण टंचाई. काही व्यवसायांत माणसे कमी आहेत हे सरकारनेच आधी मान्य केलेले असते. म्हणून प्रत्येक मालकाने ते पुनःपुन्हा सिद्ध करण्याचे कारण उरत नाही. अमेरिकेच्या मजूर खात्याची 'शेड्यूल ए' नावाची यादी आहे. तिच्या पहिल्या गटात आज दोनच व्यवसाय आहेत : शिक्षित परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट. आपल्या समाजातील ज्या मुली नर्सिंगची पदवी घेत आहेत त्यांना ही यादी लागू पडते. त्यांच्यासाठी रुग्णालयाने रविवारच्या अंकात जाहिरात द्यावी लागत नाही. मात्र यादी कायमची नसते, हेही ध्यानात ठेवा. एके काळी डॉक्टरांनाही अशी सवलत होती. मुंबई-पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडलेले अनेक मराठी डॉक्टर त्या काळात तेथे स्थायिक झाले. १९७६ साली तेथील काँग्रेसने कायद्यातच जाहीर केले की, डॉक्टरांची टंचाई आता उरलेली नाही. आणि ते दार अरुंद झाले. डॉक्टरांची विद्या तीच होती, गरज तेवढी बदलली होती.

दुसरे कारण असामान्य योग्यता वा राष्ट्रहित. शास्त्र किंवा कला यांत विशेष प्रावीण्य असलेल्यांसाठी त्याच यादीचा दुसरा गट आहे. त्याशिवाय ज्याचे कार्य देशाच्या हिताचे आहे अशा उच्चशिक्षितास मालक, नोकरीचा देकार आणि जाहिरात या तिन्हींची माफी मिळू शकते. २०१६ सालच्या एका निर्णयाने तिच्या तीन कसोट्या ठरविल्या : कार्याला खरे मोल व राष्ट्रीय महत्त्व असावे, ते पुढे नेण्यास तो मनुष्य समर्थ असावा, आणि सर्व बाजू तोलून पाहता माफी देणेच देशास हितकारक ठरावे. नुसती पदवी मोठी असणे पुरेसे नाही. केलेल्या कामाचा पुरावा लागतो.

तिसरे कारण जागेचे स्वरूप. कंपनीने आपल्याच माणसाला एका देशातील शाखेतून दुसऱ्या देशातील शाखेत हलविले, तर ती जागा बाजारात नसते, असे अनेक देश मानतात. सिंगापूरने २०१४ साली जाहिरातीचा नियम केला. पण दहापेक्षा कमी माणसे असलेल्या संस्थांना आणि फार मोठ्या पगाराच्या जागांना तेथे माफी आहे. ती पगाराची मर्यादा सप्टेंबर २०२३ पासून दरमहा २२,५०० सिंगापूर डॉलर झाली. एवढ्या पगाराच्या जागेवर बसणारा स्थानिक मनुष्य आपले हित स्वतः पाहू शकतो, असा त्यामागील विचार दिसतो.

या तिन्ही कारणांत एक गोष्ट समान आहे. माफी टंचाईला, कार्याला किंवा जागेला मिळते. ती कोणाच्या ओळखीला मिळत नाही, आणि पैशाला तर मुळीच नाही.

माफीने प्रत्येक ठिकाणी भलेच झाले, असे मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेत तात्पुरत्या एच-१बी व्हिसासाठी साधारणतः जाहिरात लागत नाही. परंतु ज्या कंपन्या अशाच व्हिसावर फार अवलंबून आहेत त्यांनी आधी स्थानिक माणूस शोधावा, असे १९९८ साली ठरले. त्यातही माफी ठेवली : कामकऱ्याचा वार्षिक पगार ६०,००० डॉलर असेल किंवा त्याची उच्च पदवी असेल, तर शोध नको. ही रक्कम १९९८ नंतर वाढविलीच नाही. पगार वाढत गेले आणि जवळजवळ सगळेच त्या माफीत बसू लागले. नियम कागदावर राहिला. इंग्लंडची गोष्ट निराळी. तेथे पूर्वी २८ दिवसांची जाहिरात लागे, आणि टंचाईच्या यादीतील व्यवसायांना ती माफ असे. डिसेंबर २०२० मध्ये नवी पद्धत आली आणि जाहिरातीची ती अट सर्वांसाठीच गेली. २०२२ साली वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या कामगारांसाठी दार उघडले गेले. त्या मार्गाने जाणाऱ्यांकडून नोकरीच्या कागदासाठी बेकायदा पैसे उकळणारे लोक निघाले. काहींना तेथे पोचल्यावर कामच मिळाले नाही. अनेक मालकांचे परवाने रद्द झाले. आणि जुलै २०२५ मध्ये परदेशातून नव्याने येणाऱ्यांसाठी तो मार्ग बंद करण्यात आला.

दुसऱ्या बाजूने, जाहिरात दिली म्हणजे न्याय झाला असेही नाही. कित्येकदा ती केवळ उपचार असते. ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुक कंपनीने अमेरिकन सरकारशी १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरपर्यंतची तडजोड केली. आरोप असा होता की, कंपनी इतर जागांची माहिती आपल्या संकेतस्थळावर देई. पण परदेशी माणसाच्या कायम वास्तव्यासाठी योजलेल्या जागांची तेथे वाच्यता करीत नसे आणि त्यांचे अर्ज टपालाने मागवी. नोव्हेंबर २०२३ मध्ये अ‍ॅपल कंपनीने अशाच आरोपावरून अडीच कोटी डॉलरची तडजोड केली. हे ऐकून आपण हसाल. पण ज्या जाहिरातीतील माणूस आधीच ठरलेला आहे अशी जाहिरात आपण पाहिलेली नाही काय? माझ्या नोकरीच्या काळात एका संस्थेच्या जाहिरातीवरून लांबच्या गावाहून मुलाखतीस आलेली मुले मी पाहिली आहेत. मोटारीचे भाडे उसने घेऊन आलेली ती मुले, आत नाव आधीच लिहिलेले आहे हे ठाऊक नसल्याने, दिवसभर व्हरांड्यात पुस्तक उघडून बसली होती.

आता, माफी मिळाली तरी काय शिल्लक राहते, ते पाहू. हा भाग पालकांनी विशेष लक्षपूर्वक ऐकावा.

परिचारिकेसाठी जाहिरात माफ असली, तरी कामाच्या ठिकाणी सूचना लावणे रुग्णालयास चुकत नाही. सरकारने त्या भागासाठी ठरविलेल्या प्रचलित वेतनापेक्षा कमी वेतन देता येत नाही. मुलीला एन्‌क्लेक्स ही परीक्षा किंवा तत्सम विहित पात्रता लागतेच. आणि १९९६ च्या कायद्यानुसार शिक्षण, परवाना व इंग्रजी भाषा यांची तपासणी झाल्याचे प्रमाणपत्रही लागते. शेवटी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे रांग. नोकरीच्या आधारे कायम वास्तव्याचे परवाने वर्षाला सुमारे १,४०,००० निघतात, आणि कोणत्याही एका देशास साधारणतः सात टक्क्यांहून अधिक मिळत नाहीत. भारतातून अर्ज करणारे फार. म्हणून आपल्या माणसांना परिचारिकेच्या व अभियंत्याच्या वर्गात दहा-दहा वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले आहे. जाहिरातीची माफी म्हणजे रांगेची माफी नव्हे. एक दार उघडे असले, तरी पुढची दारे तशीच असतात.

आपल्यातीलच एक गृहस्थ मध्यंतरी माझ्याकडे आले होते. मुलगी नर्सिंगची पदवीधर, हुशार, कष्टाळू. एका एजंटाने त्यांना सांगितले होते की, मुलगी 'जाहिरात-माफ वर्गात' बसविण्यासाठी आठ लाख रुपये भरावे लागतील. त्यांतील निम्मे तिकडच्या सरकारात जातात. गृहस्थांनी विहिरीजवळचा तुकडा गहाण टाकण्याची तयारी केली होती. मी त्यांना विचारले, "जी जाहिरात द्यावयाचीच नाही, तिचा खर्च कसला?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "गुरुजी, पण सवलत फुकट कशी मिळेल?"

मंडळी, त्या प्रश्नाने मी फार अस्वस्थ झालो. त्या गृहस्थांना मूर्ख समजू नका. ज्या माणसाने दाखल्यासाठी, शेतीच्या नोंदीसाठी, मुलाच्या प्रवेशासाठी दर वेळी कोणाच्या तरी हातावर काही ठेवले आहे, त्याला हक्काची गोष्ट फुकट मिळते यावर विश्वास ठेवणे कठीण जाते. एजंट जगतो तो याच अविश्वासावर. मी त्यांना सांगितले की, ती यादी कोणालाही वाचता येते. तीत 'परिचारिका' हा शब्द आहे. तो तेथे आपल्या पैशांनी लिहिलेला नाही आणि आपल्या पैशांनी पुसलाही जाणार नाही. जमीन गहाण पडली नाही. मुलगी सध्या परीक्षेचा अभ्यास करीत आहे. ती केव्हा जाईल, जाईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण गेली तर कर्ज पाठीवर घेऊन जाणार नाही.

या अनुभवावरून पालकांसाठी चार सूचना करतो.

एक : 'माफी आहे' असे कोणी म्हटले, तर कोणत्या देशाच्या कोणत्या नियमाखाली, हे लिहून मागावे. खरी माफी छापलेली असते. जी केवळ तोंडी आहे, ती माफी नव्हे.

दोन : मालकाने करावयाचा खर्च आपण करू नये. अमेरिकेत जुलै २००७ पासून असा नियम आहे की, मजूर खात्याच्या प्रमाणपत्रासाठी लागणारा जाहिरातीचा व त्या कामाच्या वकिलाचा खर्च मालकाने कामकऱ्याकडून वसूल करू नये. पगारातून कापूनही नाही. परीक्षेची फी, व्हिसाची फी हा आपला खर्च असू शकतो. पण त्याची पावती सरकारी असते.

तीन : आपल्याकडे १९८३ च्या परदेशगमन कायद्यानुसार नोकरभरती करणाऱ्या एजंटास सरकारची नोंदणी लागते. त्याचा क्रमांक 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये व त्यावरील कर अशी ठरविलेली आहे. आठ लाख आणि तीस हजार यांतील अंतर काढावयास गणिताचा मास्तर लागत नाही. शंका आल्यास मुंबईस परदेशगमन संरक्षकांचे कार्यालय आहे, तेथे जावे.

चार : परदेशातून आलेला कागद एकट्याने वाचू नये. आपल्या मंडळाने परदेशातील चार अनुभवी सभासदांची एक समिती नेमावी आणि कोणत्याही सभासदाचा कागद त्यांच्याकडून विनामूल्य तपासून द्यावा, अशी माझी कार्यकारी मंडळास विनंती आहे. शिष्यवृत्तीइतकेच हेही मोलाचे साहाय्य ठरेल.

अखेरीस एक गोष्ट अशी सांगतो की, ती काहींना रुचणार नाही. आपले मंडळ स्थापन झाले तेव्हा खेड्यातून शहरात आलेल्या मुलाला कोणी ओळखीचे नसे. मंडळाने त्याला वसतिगृह दिले, चिठ्ठी दिली, कोठेतरी चिकटवून दिले. त्या चिठ्ठीवर आपल्यातील कित्येक कुटुंबे उभी राहिली, आणि त्याबद्दल आपण कृतज्ञ आहोत. परंतु त्याच जागेसाठी तितकाच गरजू असा दुसऱ्या कोणाचा मुलगा होता, आणि त्याला ती जागा रिकामी असल्याचे कळलेही नाही, हाही त्या इतिहासाचा भाग आहे. राज्यघटनेच्या १६ व्या कलमाने सरकारी नोकरीत सर्वांना समान संधी दिली. संधी समान व्हावयाची, तर जागा रिकामी असल्याची वार्ता आधी सर्वांना कळली पाहिजे.

परदेशातील जाहिरातीचा नियम आपणांस अडथळा वाटतो, कारण त्या वेळी आपण बाहेरचे असतो. पण ओहायोतील एखाद्या लहान गावात काम गमावलेला मनुष्य रविवारचा अंक उघडून बसला असेल, तर त्याच्या आणि आपल्या व्हरांड्यातील त्या मुलांच्या मनात फारसे अंतर नाही. म्हणून आपली मुले जेव्हा तेथे जातील, तेव्हा त्यांनी खरी माफी असेल तर ताठ मानेने घ्यावी. ती कोणाची भीक नव्हे, त्या देशाने आपली गरज ओळखून दिलेली गोष्ट आहे. माफी नसेल, तर जाहिरात खरी होऊ द्यावी, आणि तीतून कोणी अधिक योग्य माणूस पुढे आला तर त्याचा राग मानू नये. जी मुले उद्या तेथे अधिकारी होतील आणि स्वतः माणसे निवडतील, त्यांनी आलेला प्रत्येक अर्ज वाचावा. घरी शिकविलेला न्याय परदेशात निराळा होत नाही.

आज ज्या मुलामुलींचा सत्कार झाला त्यांच्यापैकी काही जण दूर जातील, बरेचसे येथेच राहतील. दोघांनाही माझा आशीर्वाद सारखाच आहे.